निघताना ‘कोठें’ म्हणून विचारायचं नसतं

अक्का, जुलैतल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी रियुनियन बेटावर, गवतानं झाकलेल्या एका विझलेल्या ज्वालामुखीच्या उतारावरच्या ओघळीत तू मृत सापडलीस. वासरू शोधायला निघालेल्या एका शेतकऱ्याला तू दिसलीस. ज्या घरात तू खोली घेऊन राहिली होतीस, ते घर तिथून पायी अर्ध्या तासावर आहे.

आदला दिवसभर तुझा शोध चालू होता. तो त्या टेकडीवर नव्हता. तो वीस-पंचवीस किलोमीटर दूर, जिवंत ज्वालामुखीच्या पठारावर चालू होता, कारण तू तिकडे गेली आहेस असं मी सांगितलं होतं. तू मला तसं सांगितलं नव्हतंस.

बातमी एवढीच आहे. महत्त्वाचं सगळं पहिल्या दोन परिच्छेदांत यावं, बाकीचं जागा असेल तर, हे मी पुण्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर शिकलो आणि पुढे नव्या मुलांना शिकवत आलो. हे मी कुंभकोणमच्या घरात, तुझ्या खोलीत बसून लिहितो आहे. तुझं तेरावं काल झालं. आज जागा आहे.

तुला ज्वालामुखी का पाहायचा होता, हे शेजाऱ्यांना अजून कळलेलं नाही. तेराव्याला आलेल्या, तू शिकवायचीस त्या शाळेतल्या एक बाई मला म्हणाल्या, “देवदर्शनाला गेल्या असत्या तर समजलं असतं.” मी त्यांना तुझंच उत्तर दिलं. कुंभकोणम सगळं गाळाचं. विहीर खणा, माती लागते. आणखी खणा, वाळू लागते. इथं दगड दिसतो तो देवळात, आणि तोही दुसरीकडून आणलेला. अशा गावात तू मुलींना अग्निजन्य खडक शिकवत होतीस, पुस्तकातल्या चित्रावरून.

पहिल्यांदा पुण्याला माझ्याकडे आलीस तेव्हा टेकडीवर फिरायला नेलं होतं. वाटेत तू थांबलीस आणि काळ्या कातळावर तळहात ठेवलास, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा.

“रघू, तूं ज्वालामुखीवर राहतोस. ठाऊक आहे काय?”

“हो. दख्खनचं पठार. शाळेत होतं.”

“हा कातळ जेथून वर आला ती भट्टी अजून जळते. जमीन वर सरकली, भट्टी तेथेंच राहिली. आतां ती रियुनियन बेटाखालीं आहे. आपले लोक ज्या खडकावरून उतरून तंजावरास आले, तो खडक त्या बेटाखालून निघालेला.”

“असं मानतात,” मी म्हणालो. “‘आहे’ नाही लिहिता येणार. बहुतेक शास्त्रज्ञ असं मानतात, एवढंच.”

“तूं पुण्याचें मराठी बोल, मला हरकत नाही. पण प्रत्येक वाक्याच्या शेपटास ‘असं मानतात’ बांधूं नको. गाढव दिसतें.”

हा वाद आपण पुढे कित्येक वर्षं चालवला. तू फोन ठेवताना मुद्दाम म्हणायचीस, “अम्माची तब्येत बरी आहे, असें मानतात.” वाद संपला नाही. शास्त्रज्ञ अजूनही मानतात एवढंच म्हणतात. मी पुन्हा तपासलं.

त्या बेटावर आपण दोघांनी जायचं ठरलं होतं. तिकिटं काढली होती. वाटा मी बघायच्या आणि जेवणाचं तू, अशी वाटणी होती. सहलीच्या कंपनीबरोबर जायला तू साफ नाही म्हणालीस. “तीस मुलींची सहल मी पुष्कळ केली. आतां मोजणारीं माणसें नकोत.” मग ऑफिसातला एक जण नोकरी सोडून गेला आणि माझी रजा रद्द झाली. मी तुला म्हणालो, पुढच्या वर्षी जाऊ.

“तुझी रजा पुढल्या वर्षीं येईल. माझे गुडघे येतील काय?”

मी अटी घालायला लागलो. एकटी विवरापर्यंत जाऊ नकोस. त्या पठारावर वाट नाही, थिजलेल्या लाव्ह्यावर पांढऱ्या रंगाचे ठिपके मारलेत, त्यांच्या मागं मागं जायचं. सकाळ सरली की ढग येतात, ठिपके दिसेनासे होतात. कड्यावरून खाली उतर, पाहा, पण विवराला एकटी नको.

“शरि,” तू म्हणालीस. आपल्या घरच्या मराठीत होकाराला तमिळमधला हाच शब्द आहे.

“शरि म्हणजे? जाणार नाहीस ना?”

“शरि म्हणजे शरि. तुमच्या पुण्यांत हो म्हणालेलें पुन्हां विचारतात काय?”

तू गेलीस. तिथून रोज संध्याकाळी फोन करत होतीस. समुद्राकाठच्या शहरातून बसनं वर चढताना ऊस संपतो, मग थंडी सुरू होते, आणि आपल्याकडे मार्गशीर्षातही घालावा लागत नाही असा स्वेटर जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, घालावा लागतो, हे तू मला तीनदा सांगितलंस. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईचं नाव तमिळ होतं, कपाळाला कुंकू होतं, आणि तमिळचा एक शब्द येत नव्हता. तुम्ही दोघी मग हातवाऱ्यांनी बोललात. ती सबंध वाट तुझी माकडटोपी बघून हसत होती. वरच्या पठारावरच्या गावात सोलांज नावाच्या बाईंच्या घरी तू खोली घेतलीस. पहिल्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात तू फोडणीत हिंग टाकलास तेव्हा त्या धावत आल्या आणि गॅसची नळी तपासू लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुझा दहीभात वाडगाभर खाल्ला. तिसऱ्या दिवशी लोणच्याची बाटली त्यांची झाली.

मंगळवारी तू रस्त्यावरच्या एका गाडीतल्या अनोळखी जोडप्याला हात करून त्यांच्याबरोबर कड्यापर्यंत गेलीस. त्या संध्याकाळचा फोन मला जवळजवळ शब्दशः आठवतो.

“पायऱ्या उतरलें. खालीं सगळें काळें, दोऱ्या वळून ठेवाव्या तसें. मध्यें एक लहान लाल टेकडी आहे, वारुळाएवढी. तेथवर गेलें. हात लावला. वर आलें.”

“पुढे?”

“पुढें नाही. शरि म्हणालें होतें ना तुला.”

“विवर दिसलं नाही मग.”

“न दिसूं दे. जळतें तें बघायला सगळें जातात. विझलेलें बघायला कोण जातें?”

मी “बरं” म्हणालो आणि फोन ठेवला. विझलेलं म्हणजे काय, कुठलं, हे विचारलं नाही. ते वाक्य मला तुझ्या वर्गातलं वाटलं.

आता आपल्या घरातली रीत. वाचणाऱ्यांपैकी काहींच्या घरीही ती असेल. बाहेर निघालेल्या माणसाला ‘कुठे’ म्हणून विचारायचं नाही. विचारलं की काम फिसकटतं. फारच गरज पडली तर ‘दूर काय?’ एवढंच विचारायचं. उत्तर ‘दूर’ किंवा ‘दूर नाही’. अम्मा हे आजही काटेकोर पाळते. चुकून कुणी विचारलंच तर त्यावर उपाय आहे. निघालेल्यानं घरात परत यायचं, बसायचं, पाणी प्यायचं आणि नव्यानं निघायचं. म्हणजे आधीचं निघणं झालंच नाही.

अप्पा एकदा जवळच्या नाच्चियारकोविलला, समया घडवणाऱ्यांच्या गावी, निघाले होते, समईचा आटा दुरुस्त करून आणायला. ओट्यावरून शेजारी म्हणाले, “काय रायर, कुठे निघालात?” अप्पा समई काखेत घेऊन परत आत आले. चपला काढल्या, पाटावर बसले, पाणी मागितलं. तेवढ्यात बस गेली. तू दहा-अकराची असशील. दाराला टेकून म्हणालीस, “अप्पा, बस कोठें गेली म्हणून विचारूं नका बरें. तिलाहि पाणी प्यावें लागेल.” अम्मानं तुला रागं भरलं. अप्पा मात्र पाणी नाकातोंडात जाईपर्यंत हसले. त्या दिवसापासून ही रीत म्हणजे तुझ्या चेष्टेचा ठरलेला विषय होती.

मी चेष्टा केली नाही आणि पाळायचीही थांबवली नाही. कुठे, केव्हा, कोण हे विचारायचाच मला पगार मिळतो. ऑफिसच्या दाराबाहेर मी ते विचारत नाही. पत्नीला विचारत नाही, मुलीला विचारत नाही. डोंगरात जाणाऱ्यांचा पहिला नियम नेमका उलटा आहे. कुठे जातो आहे आणि केव्हा परत येणार, हे कुणाला तरी सांगून जायचं. तुझ्यासाठी मी जे जे वाचलं त्या सगळ्यात तो पहिल्या ओळीत होता. वाटांची माहिती तुला पाठवताना ती ओळ मी वगळली नव्हती. वाचून दाखवलीही होती. आपण दोघांनी ऐकली आणि पुढच्या मुद्द्याकडे गेलो.

बुधवारच्या फोनला मी डेस्कवर होतो.

“उद्यां सकाळीं निघणार,” तू म्हणालीस.

“दूर काय?”

“दूर नाही रे.”

शेजारच्या टेबलावरून कुणीतरी मला मथळा विचारला. मी तुला “उद्या बोलू” म्हणालो.

गुरुवारी अंधार पडला तरी तू परत आली नाहीस म्हणून सोलांजनं पोलिसांना कळवलं. तुझ्या पासपोर्टच्या पाकिटात माझा नंबर होता. तिथल्या अधिकाऱ्याचा फोन आला तेव्हा आमची पान छपाईला सोडायची घाई चालली होती. त्याचं इंग्रजी स्वच्छ होतं. त्यानं विचारलं, त्या कुठे जाणार होत्या, तुम्हाला माहीत आहे का?

मी म्हणालो, “विवराकडे.”

“त्यांनी तुम्हाला तसं सांगितलं?”

“हो,” मी म्हणालो.

अक्का, त्या अधिकाऱ्यानं माझाच प्रश्न मला विचारला होता. बातमीत ‘असे समजते’ असं कुणी लिहून आणलं की मी विचारतो, कुणाला समजते? त्याला कुणी सांगितलं? तू ऐकलंस का? याच सवयीमुळे काही मुलं माझ्यावर चिडून आहेत. माझ्याकडे त्या वेळी तुझ्या तोंडचे तीन शब्द होते: ‘दूर नाही रे’. विवर फार दूर होतं. गाडीनं कड्यापर्यंत, मग पायऱ्या, मग दिवसभराची चाल. माझ्याकडे तू दिलेला शब्दही होता, आणि दोन दिवसांपूर्वी तो पाळल्याची खबरही होती. हे सगळं बाजूला ठेवून मी माझा समज सांगितला आणि त्याला तुझं नाव लावलं. तू शब्द मोडलास असं मी धरून चाललो. शेपटाला ‘असं मानतात’ बांधण्याची वेळ आयुष्यात एकदा आली होती, तेव्हा मी ते बांधलं नाही.

शुक्रवारी काय झालं तेही लिहितो. पहाटेपासून शोधपथक पायऱ्या उतरून पठारावर गेलं. ढग होते. हवा जराशी उघडली तेव्हा हेलिकॉप्टर गेलं. मला अधूनमधून कळवत होते. मी घरी फोनसमोर बसून होतो आणि, खरं सांगायचं तर, तुझ्यावर रागावलेलो होतो. तू सापडलीस की काय बोलायचं, ती वाक्यं मी मनात जुळवत होतो. एक वाक्य चांगलं जमलं होतं. ‘शरि म्हणजे काय ते आता मला कळलं,’ असं ते होतं.

मी तिथं गेलो ते तुला आणायला. दहन तिथंच झालं. त्या बेटावर आपल्या पद्धतीनं करणारे लोक आहेत. तुझ्या खोलीत मी दोन रात्री राहिलो. दुसऱ्या दिवशी एकटाच टेकडीवर गेलो.

घरामागून शेताची वाट जाते. तारेच्या कुंपणाला चढून उतरायला लाकडी पायऱ्या आहेत. पलीकडे गाई चरतात. टेकडी दुरून पाहिली तर ज्वालामुखी वाटत नाही, उलटी ठेवलेली दगडी वाटी वाटते. वरपर्यंत गवत. माथ्यावर मध्ये खोलगट भाग आहे, तिथंही गवत आणि दोन गाई. एका कडेला खुरांनी माती उकरली गेली आहे. तिथंच तेवढं आत काय आहे ते दिसतं: लाल, भोकाभोकांचा दगड, हातात घेतला तर वजन नसल्यासारखा. अर्ध्या वाटेवर होतो तेव्हा धुकं आलं. पायाखालचं दिसत होतं, पुढचं नाही. ज्या ओघळीत तू होतीस तिच्या तोंडाशी गवत इतकं वाढलंय की कड कळत नाही. मी बसून, हातानं चाचपून ती पाहिली.

तुझ्या स्वेटरच्या खिशात चार लाल दगड होते. म्हणजे तू माथ्यावर पोचली होतीस आणि उतरताना पडलीस. हा माझा निष्कर्ष आहे. पाहिलेलं कुणी नाही. कंबरेचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांच्या म्हणण्यानुसार मृत्यू थंडीनं आला, गुरुवारची रात्र ते शुक्रवारची दुपार यांदरम्यान केव्हातरी. यापेक्षा नेमकं सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. मी दोनदा विचारलं. हेलिकॉप्टर शुक्रवारी त्या टेकडीवरून गेलं होतं का, हेही विचारलं. वाट हवेप्रमाणे ठरते, त्याची नोंद माझ्याकडे नाही, असं उत्तर मिळालं.

इथं परत आल्यावर सगळे मला धीर देत होते. कुणाला ठाऊकच नव्हतं ती कुठे गेली, मग शोधणार कसं, असं ते आपापसांत म्हणत. मी मान हलवत होतो. बाराव्याच्या दिवशी सकाळी अम्मा फिल्टरमध्ये कॉफीची पूड दाबत होती. मी तिच्याशेजारी उभा राहून तिला सांगितलं. मला काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, ते जसंच्या तसं.

अम्मानं पुडीवर उकळतं पाणी ओतलं आणि झाकण ठेवलं.

“तिला ठाऊक असेल काय, कीं तिला तेथें शोधतात म्हणून?”

“नसेल.”

“थंडी होती?”

“होती.”

“मंकी क्याप होती ना तिजपाशीं?”

“होती, अम्मा. डोक्यालाच होती.”

डिकाक्शन उतरेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. मग दोन पेले भरले आणि एक मला दिला. म्हणाली, “निघतांना विचारूं नये म्हणून मींच तुम्हां दोघांस शिकविलें.” मी म्हणालो, तुझा त्यात दोष नाही. ती म्हणाली, “मीं दोष म्हणालें काय? शिकविलें म्हणालें.” मला तिनं ना माफ केलं ना बोल लावला. पेला रिकामा होण्याची वाट पाहिली आणि धुवायला घेतला.

तुझ्या अस्थी कावेरीत सोडल्या. पाणी होतं. लाल दगड मी आणले आहेत. तीन तुझ्या शाळेला दिले; त्याच बाई म्हणाल्या, खडकांच्या पेटीतला तो कप्पा इतकी वर्षं रिकामाच होता. चौथा माझ्याकडे आहे. पुण्याच्या कातळाशेजारी ठेवून पाहणार आहे. दोन्ही एकाच भट्टीतले, असं मानतात.

तुझ्यामुळे मी वर्तमानपत्रात आलो हे तुला मी कधी म्हणालो नाही. सुट्टीत तू मला नकाशावर गाव शोधायला लावायचीस आणि सापडलं की विचारायचीस, “तेथेंच आहे हें कशावरून?” मी बोट ठेवायचो. “बोट म्हणजे पुरावा नव्हे,” तू म्हणायचीस. त्याचा मला पुढे फार उपयोग झाला, हे सांगायचं राहिलं. दिलेला शब्द तू पाळलास, हे मला कळलं आहे, हेही सांगायचं राहिलं.

आता तुझ्याबद्दलची शेवटची गोष्ट, जिला साक्षीदार आहे. मी तिथून निघायच्या आदल्या दिवशी सोलांजनं मला स्वयंपाकघरात बसवून ती सांगितली. गुरुवारी सकाळी तू बूट घालून दारात उभी होतीस, पाठीवर लहान पिशवी होती. त्यांनी विचारलं, “कुठे निघालात?” तू हसलीस. उत्तर दिलं नाहीस. त्यांना वाटलं, आपलं इंग्रजी तुला कळलं नाही. तू बूट काढलेस, आत आलीस, टेबलाजवळच्या खुर्चीवर बसलीस आणि पाणी मागितलंस. पेलाभर पाणी सगळं प्यायलीस. मग पुन्हा बूट घातलेस आणि निघालीस.